जिनिंग-सॉल्व्हंटच्या खरेदीत वेंडरचे स्कीमा ग्रुप कशावरून पाडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट भागात कंपनीचं जिनिंग-प्रेसिंग आणि सोयाबीनचं सॉल्व्हंट (तेल काढायचं) युनिट, यवतमाळ जिल्ह्यात दोन खरेदी केंद्रं, हेड ऑफिस नागपूरला. एसएपी एस/४ हाना (खरेदी आणि हिशेब चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू होऊन एक हंगाम उलटला. बसवणाऱ्या मंडळींनी वेंडरचे अठ्ठावीस स्कीमा ग्रुप पाडून दिले, त्यातले बहुतेक तालुक्यावरून आणि आकारावरून: हिंगणघाट अडते, समुद्रपूर अडते, वणी अडते, मोठे व्यापारी, छोटे व्यापारी, नागपूरचे स्पेअरवाले, वगैरे. नवा अडत्या आला की तो कोणत्या गटात टाकायचा यावर खरेदी आणि अकाउंट्समध्ये वाद होतो. आणि एखाद्या बाजारात हमालीचा दर बदलला की तो नेमका कुठे बदलायचा हे कुणालाच सांगता येत नाही. गट कमी करावेत का, आणि केले तर कशावरून, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या पसाऱ्याला पाच गट पुरतात, आणि त्यातला एक चक्क रिकामा. कसे ते सांगतो, पण त्याआधी हा गट सिस्टीममध्ये करतो काय ते नीट पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय.

वेंडर मास्टरमध्ये, म्हणजे विक्रेत्याच्या नोंदीत (आता बीपी, म्हणजे बिझनेस पार्टनर म्हणा), पर्चेसिंगच्या माहितीत स्कीमा ग्रुपचा दोन अक्षरांचा रकाना आहे. पर्चेसिंग ऑर्गनायझेशनलाही (सिस्टीममधला खरेदी करणारा विभाग) तिचा वेगळा स्कीमा ग्रुप असतो. ऑर्डर करताना सिस्टीम या दोघांची जोडी घेते, कॉन्फिगरेशनमधल्या एका तक्त्यात ती जोडी शोधते आणि समोर लिहिलेला कॅल्क्युलेशन स्कीमा उचलते. इथे गटाचं काम संपतं. गटाला दर माहीत नसतो, सूट माहीत नसते, तालुका तर नाहीच नाही. किमतीचा हिशेब कोणत्या पायऱ्यांनी करायचा, एवढंच तो ठरवतो. दर येतो तो इन्फो रेकॉर्डमधून (वेंडर आणि माल यांच्या जोडीची नोंद), कॉन्ट्रॅक्टमधून किंवा एमईके१ या ट्रान्झॅक्शनने टाकलेल्या कंडिशन रेकॉर्डमधून (हिशेबातल्या एका रकमेच्या दराची नोंद), आणि कोणता दर आधी शोधायचा ते अ‍ॅक्सेस सीक्वेन्स पाहतो.

म्हणून गट पाडताना मी एकच कसोटी लावतो: या माणसाच्या बिलात कोणकोणत्या रकमा येतात, आणि त्या एकमेकांवर कशा मोजल्या जातात? दोन वेंडरांची बिलं याबाबतीत सारखी असतील तर गट एक. दर वेगळे असोत, गाव वेगळं असो, उलाढाल वेगळी असो. वणीच्या आणि हिंगणघाटच्या अडत्याच्या बिलात हमालीचा आकडा वेगळा आहे, पण हमाली दोन्हीकडे प्रतिक्विंटलच लागते. मग स्कीमा दोन कशाला?

अठ्ठावीस गटांचा खरा भुर्दंड पुढे कळतो. तुमच्या दोन पर्चेसिंग ऑर्गनायझेशन आहेत, म्हणजे तक्त्यात छप्पन्न ओळी. प्रत्येक गटाला त्याचा स्कीमा दिला असेल तर उद्या एखादी नवी आकारणी आली की अठ्ठावीस ठिकाणी पायरी घालायची, अठ्ठावीस वेळा तपासायची. त्यात एखादी राहतेच, आणि ती राहिल्याचं मार्चमध्ये ऑडिटच्या वेळी समजतं. बऱ्याच ठिकाणी मी पाहिलंय की गट अनेक आणि स्कीमा मात्र तोच, सगळ्या ओळींत एकच नाव. तसं असेल तर नुकसान कमी आहे, पण मग त्या गटांचा उपयोगही शून्य आहे. तुमच्याकडे यातलं कोणतं झालंय ते आधी तक्ता उघडून पाहा. स्कीमा एम/०८ या ट्रान्झॅक्शनमध्ये दिसतील.

आता तुमची बिलं एकेक करून घेऊ. अडत्याचं बिल सगळ्यांत किचकट आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास (लिलाव) झाला, माल तुम्हाला सुटला, मापाऱ्याने मोजला. यात निदान तीन-चार हात पैसे मागतात. मालाची किंमत अडत्यामार्फत कास्तकाराला जाते. अडत खरेदीदाराच्या माथी असेल तिथे ती अडत्याची. तुमच्या वाट्याची हमाली आणि तोलाई. आणि बाजार फी, जी १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याप्रमाणे खरेदीदाराकडून घेतली जाते आणि बाजार समितीला जाते. काही अडते हे सगळं एका पट्टीत जोडून देतात. काही ठिकाणी बाजार फी तुम्ही थेट समितीत भरता आणि हमाली वेगळ्या चिठ्ठीवर देता.

बसवणाऱ्यांनी इथेच दोन गट केले असणार: ‘फीसहित अडते’ आणि ‘फीविना अडते’. याची गरज नाही. स्कीमात बाजार फी आणि हमाली या पायऱ्या नियोजित डिलिव्हरी खर्च म्हणून ठेवा, भाड्यासाठी एफआरबी१ हा कंडिशन टाइप (रकमेचा प्रकार) असतो तशाच. अशा कंडिशनच्या तपशिलात वेंडरचा वेगळा रकाना असतो. फी समितीला जात असेल तर तिथे बाजार समितीचा वेंडर कोड टाका, अडत्याच्या पट्टीत येत असेल तर रकाना तसाच सोडा, म्हणजे ती रक्कम त्याच्याच खात्यावर उभी राहते. समितीची पावती आली की इन्व्हॉइस व्हेरिफिकेशनमध्ये ‘प्लॅन्ड डिलिव्हरी कॉस्ट’ निवडून ती रक्कम त्या ऑर्डरींवर लावायची. स्कीमा तोच, गटही तोच, फरक फक्त कंडिशनमधल्या एका रकान्याचा.

यातून आणखी एक गोष्ट साधते, आणि तिचं मोल हंगाम संपल्यावर कळतं. फी आणि हमाली ऑर्डरमधून आली की ती मालाच्या किमतीत चढते, सोयाबीनचा स्टॉक गोडाऊनला पडेल त्या भावाने धरला जातो. अकाउंट्सने ती थेट खर्चात टाकली की स्टॉक स्वस्त दिसतो. मग ‘ढेप आणि तेल विकून सुटलं किती’ हा हिशेब दर महिन्याला जुळवत बसावं लागतं.

हमालीचा दर कुठे ठेवायचा हा तुमचा दुसरा प्रश्न. तो अडत्याचा दर नाहीच, तो त्या बाजाराचा दर आहे. तुमची खरेदी केंद्रं सिस्टीममध्ये वेगवेगळे प्लांट (माल जमा होण्याच्या ठिकाणांचे कोड) असतील तर हमालीच्या कंडिशन टाइपला प्लांटवर चालणारा कंडिशन टेबल द्या आणि प्रत्येक प्लांटला एकच रेकॉर्ड ठेवा. दर वाढला की एका जागी नव्या तारखेपासून नवा आकडा, आणि त्या बाजारातले सगळे अडते आपोआप नव्या दरावर. बाजार समितीचा वेंडर कोडही त्याच पद्धतीने फीच्या रेकॉर्डमध्ये ठेवता येतो, ऑर्डर करणाऱ्या पोराला तो दरवेळी आठवायची गरज नाही. एकाच प्लांटसाठी तुम्ही दोन-तीन बाजारांतून माल उचलत असाल तर मात्र प्लांट पुरत नाही. तेव्हा ‘बाजार’ हा वेगळा रकाना करून फील्ड कॅटलॉगमध्ये (दर शोधायला वापरता येणाऱ्या रकान्यांच्या यादीत) आणावा लागेल, त्याला प्रोग्रामर लागतो. दोन बाजारांसाठी तो खटाटोप करू नका, दर हाताने भरा.

आता कापूस. गेटवर कास्तकाराची गाडी येते, किंवा खेडा खरेदीवाला गावोगाव गोळा करून आणतो. बिल सोपं दिसतं: वजन गुणिले भाव. पण मध्ये ओलावा असतो.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीचं गणित घ्या, ते सगळ्यांना माहीत असतं. ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव, तिथून १२ टक्क्यांपर्यंत जितका ओलावा जास्त तितक्या टक्क्यांनी भाव कमी, १२ च्या वर माल घेत नाहीत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. मीटरवर १० टक्के आलं तर २ टक्के कपात, म्हणजे १६२ रुपये २० पैसे, आणि भाव पडला ७,९४७ रुपये ८० पैसे. तुमचा भाव तुमचा असेल, पण रीत हीच असणार. स्कीमात ती अशी बसते: पहिली पायरी मूळ भाव, म्हणजे पीबी०० किंवा तुमच्याकडे मूळ किमतीचा जो कंडिशन टाइप असेल तो. दुसरी पायरी ओलाव्याची टक्केवारीतली कपात, पहिल्या पायरीवर मोजलेली, हाताने भरायची. झेड अक्षराने सुरू होणारा तुमचा स्वतःचा कंडिशन टाइप करा, आरए०१ वापरू नका. आरए०१ म्हणजे सूट. वर्षअखेरीला कुणी ‘खरेदीत सूट किती मिळवली’ असा रिपोर्ट काढला तर ओलाव्याची सगळी कपात खरेदी विभागाच्या पराक्रमात जमा होते.

ओलावा वेंडरचा नसतो, गाडीचा असतो. हे इतक्या ठळकपणे सांगायचं कारण, ‘ओला माल आणणारे’ असा गट पाडलेला मी प्रत्यक्ष पाहिलाय. दिवाळीआधी ज्याचा कापूस १२ वर असतो त्याचाच जानेवारीत ७ वर येतो. फरदडीचा (कापसाच्या खोडव्याचा) माल आणखी वेगळा. मीटरचा आकडा काट्यावर कळतो, तो तिथेच भरला गेला पाहिजे. गेटवरच्या खरेदीत ऑर्डर काटापट्टीनंतरच बनत असेल तर प्रश्नच नाही. ऑर्डर आधी आणि गाड्या नंतर, अशी पद्धत असेल तर प्रत्येक गाडीची ओळ वेगळी करा आणि माल जमा करण्याआधी त्या ओळीवर टक्का भरा.

काही जण भावाला हात लावत नाहीत, वजनातच कडता (घट) धरतात. हिशेबाला ते सोपं वाटतं, मला ते अजिबात आवडत नाही. काट्यावर २० क्विंटल ४० किलो आले आणि पुस्तकात २० क्विंटल चढले की पुढे रुईचा उतारा खोटा चांगला दिसतो. जीन मॅनेजर खूश, आणि मशीन सरकीवर रुई सोडतंय हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. वजन काट्याचं तेच ठेवा, कपात भावात करा, सुकण्यातली घट प्रक्रियेतली घट म्हणून दिसू द्या.

कास्तकार आणि खेडा खरेदीवाला यांना एकाच गटात ठेवा. तुमच्या सिस्टीममध्ये ते वेगळे आहेत, आणि विचारलं तर कारण जीएसटीचं सांगतील. फरक खरा आहे: १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर नोंदणीकृत खरेदीदाराला रिव्हर्स चार्जने ५ टक्के स्वतः भरावा लागतो, आणि नोंदणी असलेला व्यापारी विकत असेल तर कर त्याच्या बिलात येतो. पण हा फरक टॅक्स कोडचा आहे. कराचा हिशेब टॅक्स प्रोसिजर करते, कॅल्क्युलेशन स्कीमा नाही. टॅक्स कोड आपोआप यायला हवा असेल तर त्याची कंडिशन वेगळी लावा. त्यासाठी किमतीच्या पायऱ्यांचा दुसरा संच उभा करायची गरज नाही.

हंगामात शेकडो कास्तकार येतात, प्रत्येकाचा कोड उघडायचा की वन-टाइम वेंडरवर (फुटकळ विक्रेत्यांसाठीचा एकच सामाईक कोड) चालवायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. वन-टाइम कोडलाही स्कीमा ग्रुप एकच असतो. तेव्हा कापसाचा वन-टाइम वेगळा आणि किरकोळ खरेदीचा वन-टाइम वेगळा, एवढं पाळा. जो कास्तकार दरवर्षी येतो आणि ज्याचा चुकारा बँकेत जमा करायचा असतो, त्याचा कोड उघडलेला परवडतो.

कोळसा. तुमच्या सॉल्व्हंटच्या बॉयलरसाठी वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) वणी भागातल्या खाणींतून थेट माल येतो असं तुम्ही लिहिलंय. मग याला स्वतःचा गट हवाच, आणि का हवा ते पाहण्यासारखं आहे, कारण गट कशासाठी असतात ते इथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. बिलात मूळ किंमत प्रतिटन. त्यावर रॉयल्टी, कोळशाला १४ टक्के. जिल्हा खनिज निधी रॉयल्टीवर मोजतात, मूळ किमतीवर नाही: १२ जानेवारी २०१५ आधीच्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावात दिलेल्यांना १० टक्के. खनिज शोध न्यासाची छोटी टक्केवारीही रॉयल्टीवरच. स्कीमात ते असं येतं:

पायरी १० – मूळ किंमत, समजा १,००० रुपये
पायरी २० – रॉयल्टी १४ टक्के, पायरी १० वर: १४० रुपये
पायरी ३० – जिल्हा खनिज निधी ३० टक्के, पायरी २० वर: ४२ रुपये
पायरी ४० – न्यासाचा हिस्सा, पायरी २० वर

एम/०८ मध्ये प्रत्येक ओळीला ‘कोणत्या पायरीपासून’ हा रकाना असतो. पायरी ३० ला तिथे २० लिहिलं नाही आणि चुकून १० राहिलं, तर ४२ च्या जागी ३०० रुपये येतात. तुमच्या साध्या स्कीमात या ओळी घुसवल्या तर बेअरिंगच्या ऑर्डरवरही रॉयल्टीची रिकामी ओळ दिसेल. चालेल, पण ऑर्डर करणारा गोंधळतो आणि कधीतरी तिथे काहीतरी भरतो. पायऱ्यांची बांधणी वेगळी, म्हणून स्कीमा वेगळा, म्हणून गट वेगळा.

गाड्या आठवडेभर येत राहतात आणि मध्येच दर बदलतात, म्हणून या वेंडरला किंमत माल जमा होण्याच्या तारखेची धरायची की ऑर्डरच्या, हे प्रायसिंग डेट कंट्रोलमध्ये ठरवून टाका. आणि रेकॉर्डला खऱ्या मुदती द्या, ९९९९ सालापर्यंतची सवय मोडा. २२ सप्टेंबर २०२५ ला कोळशावरचा प्रतिटन ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला, ते आठवत असेल. ज्यांच्याकडे उपकर टॅक्स प्रोसिजरमध्ये होता त्यांनी तिथेच बदल करून काम भागवलं. ज्यांनी तो किमतीच्या स्कीमात प्रतिटन पायरी म्हणून घातला होता, त्यांना २१ तारखेला मुदत संपवून शिवाय आधीच्या खुल्या ऑर्डरी एकेक तपासाव्या लागल्या.

मोठी खाणकंपनी सोडून मध्येच एखाद्या कोळसा व्यापाऱ्याकडून दोन ट्रक घेतले तर? त्याचं बिल एकच दर आणि भाडं एवढंच असतं. तो या गटात नको. तो रिकाम्या गटात.

आणि रिकामा गट म्हणजे बाकी सगळे. जिनच्या रोलरवाले, बेअरिंग, पट्टे, गाठींच्या पट्ट्या, कापड, स्टेशनरी, केमिकल, दुरुस्तीवाले. मूळ किंमत, सूट, पॅकिंग-फॉरवर्डिंग, भाडं. कुणाला २० टक्के सूट, कुणाला ३२. तो आकडा त्या वेंडरच्या आरए०१ च्या रेकॉर्डमध्ये. भाडं आपण देणार की त्याने जोडून दिलंय, तेही कंडिशनमध्येच. यांचा स्कीमा ग्रुपचा रकाना कोरा ठेवा आणि तक्त्यात कोऱ्या गटाची ओळ स्टँडर्ड स्कीमाला जोडा. फायदा असा की नवा वेंडर उघडताना कुणी काही भरायला विसरलं तरी ऑर्डर नीट चालते. नागपूरचे स्पेअरवाले आणि अहमदाबादचे स्पेअरवाले असे दोन गट तुमच्याकडे आहेत. ते मिटवून टाका.

पाचवा गट आयातीचा. वर्षाला एखादंच मशीन किंवा सुटे भाग बाहेरून येत असले, तरी कस्टम ड्युटी, क्लिअरिंग एजंट, बंदरावरचं भाडं या पायऱ्या दुसऱ्या कुठेच बसत नाहीत.

तेव्हा हिशेब असा: कोरा, बाजार समितीची खरेदी, गेटवरचा कापूस, खाणीचा कोळसा, आयात. ट्रान्सपोर्टवाल्यांना वेगळा गट लागत नाही. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ऑर्डरमधल्या भाड्याच्या कंडिशनचे वेंडर असतात, आणि स्वतंत्र ऑर्डर निघाली तर कोरा गट पुरतो. दोन पर्चेसिंग ऑर्गनायझेशनचे स्कीमा ग्रुपही वेगळे का आहेत ते विचारा. नागपूर आणि केंद्रं दोन्हीकडे हिशेबाची रीत एकच असेल, तर दोघींना एकच ग्रुप द्या. छप्पन्न ओळींच्या पाच ओळी होतात.

जुन्या गटांमधून आणखी कोणती कामं करून घेतली जात होती तेही शोधा, ती गटासोबत गेली म्हणून बोंब व्हायला नको. मोठ्या व्यापाऱ्यांचा गट बहुधा टीडीएससाठी केला असेल: जुलै २०२१ पासून, आधीच्या वर्षी १० कोटींवर उलाढाल असलेल्या खरेदीदाराने एका विक्रेत्याकडून ५० लाखांच्या वर जितकी खरेदी होईल तितक्यावर ०.१ टक्का कापायचा, ही तरतूद आली तेव्हाचा. त्याची जागा वेंडरच्या विथहोल्डिंग टॅक्समध्ये आहे. छोट्यांचा गट एमएसएमईच्या ४५ दिवसांच्या मुदतीसाठी असेल, तर ती पेमेंट टर्म्समध्ये. तालुक्यावरून रिपोर्ट हवा असेल तर पत्त्यातला तालुका किंवा सर्च टर्म वापरा. कुणी अकाउंट ग्रुप सुचवला तर नको म्हणा, त्याच्यावर नंबर रेंज आणि भरायचे रकाने अवलंबून असतात.

तुमचे पूर्वीचे सल्लागार मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्सवरून आलेले असतील, असा मला संशय आहे. तिथे वेंडर प्राइस ग्रुप ही गोष्टच वेगळी आहे. गटाच्या नावाने ट्रेड अ‍ॅग्रीमेंट टाकायचं आणि गटातल्या सगळ्यांना तोच दर किंवा सूट मिळते. तिथे ‘वणीचे अडते’ असा गट करणं अगदी रास्त आहे, कारण गटच दर वाहतो. ती सवय इकडे आणली की तुमच्यासारखं होतं.

एक अडचण मात्र खेड्याच्या बाजारात हमखास येते आणि तिचं स्वच्छ उत्तर नाही. एकच माणूस समितीत अडत्या असतो आणि त्याचंच बारदान-पट्ट्यांचं दुकान असतं. एका पर्चेसिंग ऑर्गनायझेशनमध्ये एका वेंडरला स्कीमा ग्रुप एकच. दोन कोड उघडा असं लगेच सुचवतील. फर्म वेगळी आणि पॅनही वेगळा असेल तर दोन कोड आपोआपच आले. पण पॅन एकच असेल तर मी सहसा दुसरा कोड उघडू देत नाही. ५० लाखांची मर्यादा विक्रेत्यावर मोजायची असते, कोडवर नाही. शिवाय एका कोडवर दिलेला अ‍ॅडव्हान्स दुसऱ्या कोडच्या बिलात वळता करायला अकाउंट्सचा अर्धा दिवस जातो. अशा माणसाला बाजार समितीच्या गटात ठेवा, आणि त्या स्कीमातली फी-हमालीची पायरी सक्तीची करू नका. ‘रिक्वायर्ड’ची खूण नसेल आणि त्या मालाला रेकॉर्ड सापडला नाही, तर पायरी कोरी जाते, ऑर्डर अडत नाही. त्यासाठी फीचे रेकॉर्ड नुसत्या प्लांटवर न ठेवता प्लांट आणि मटेरियल ग्रुपवर ठेवा, म्हणजे सोयाबीन-तुरीला फी लागेल आणि त्याच्या दुकानातल्या बारदानाला लागणार नाही.

बदल कधी करायचा? कापसाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे येतं. मे-जूनमध्ये गेट शांत असतं तेव्हा करा. टेस्ट सिस्टीममध्ये प्रत्येक प्रकारचं मागच्या हंगामातलं एक खरं बिल घ्या: एक समितीची पट्टी, एक ओल्या कापसाची गाडी, एक कोळशाचं बिल, एक स्पेअरचं, एक आयातीचं. ऑर्डर बनवून शेवटची रक्कम पैशापर्यंत जुळते का पाहा. जुळत नसेल तर ओळीच्या कंडिशन टॅबमधलं ‘अ‍ॅनालिसिस’ बटण दाबा. कोणत्या पायरीला कोणता रेकॉर्ड सापडला, कोणत्याला नाही आणि का नाही, ते तिथे एकेक करून दिसतं. बसवणाऱ्याला फोन करण्याआधी ही सवय तुमच्या खरेदीच्या दोन माणसांना लावा.

मग मास्टरमधले गट मास चेंजने बदला. जुन्या ऑर्डरींना याने काही होणार नाही, कारण स्कीमा ऑर्डरच्या हेडरवर लिहिला गेलेला असतो आणि त्या जुन्याच हिशेबाने चालतात. चालू कॉन्ट्रॅक्टही तसेच. म्हणून कोळशाची लांब मुदतीची ऑर्डर अर्धी बाकी असेल तर ती बंद करून उरलेल्या टनांची नवी काढा. आणि जुने गट लगेच पुसू नका. तक्त्यातल्या त्यांच्या ओळी राहू द्या, फक्त गटाच्या वर्णनात ‘वापरू नये’ लिहा. एकही वेंडर त्यांच्यावर उरला नाही आणि एकही ऑर्डर उघडी नाही याची खात्री झाली की पुढच्या वर्षी काढून टाका.